परसातली सुट्टी

१० एप्रिलला शाळेचा निकाल लागला. दुपारी बाराच्या सुमारास दोन दप्तरं ओसरीवर येऊन पडली आणि आमच्या घराचा उन्हाळा सुरू झाला. थोरली आठवीतून नववीत गेली, धाकटा तिसरीतून चौथीत. निकालाचा कागद आजीच्या हातात देऊन दोघंही एका सुरात म्हणाली, "आता काय करायचं?"

हा प्रश्न दरवर्षी पहिल्याच दिवशी येतो. आणि दरवर्षी तो अशा वेळी येतो, की घरातल्या मोठ्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. मी खानापूरच्या एका पतसंस्थेत नोकरी करते. ३१ मार्चचं काम एप्रिलच्या मध्यापर्यंत पुरतं. नवरा शेती आणि दूध बघतो. एप्रिलमध्ये काजू पडत असतात, ते रोजच्या रोज वेचावे लागतात. दोन म्हशी आणि एक गावठी गाय आहे. पहाटे पाचला धारा, साडेसहाच्या आत दूध डेअरीवर. सासूबाई ६६ वर्षांच्या, गुडघे धरलेले, तरी उन्हाळ्यात तांदळाचे पापड, कुरडया, सांडगे यांतलं एकही चुकवायचं नाही हा त्यांचा हट्ट. अशा घरात दोन मुलं मोकळी सुटली की काय होतं? मागच्या वर्षी जे व्हायचं ते झालं. मोबाइल एक आणि मुलं दोन. सकाळी भांडण, दुपारी मोबाइल, संध्याकाळी पुन्हा भांडण. मे महिना संपला तेव्हा धाकट्याला सुट्टीतलं काहीही आठवत नव्हतं. शाळेत निबंध लिहायला सांगितला, तर त्याने शेजारच्या मुलाची गोव्याची सहल स्वतःची म्हणून लिहिली.

यंदा मी बेळगावच्या एका उन्हाळी शिबिराची चौकशी केली. पोहणं, चित्रकला, स्केटिंग, सगळं होतं. पण आमचं गाव खानापूरपासून दहा-बारा किलोमीटर आत. बेळगावला जाऊन-येऊन ७५ किलोमीटर होतात. रोज कोण नेणार, कोण आणणार? रात्री जेवताना हा हिशोब चालला होता. सासूबाई ताटावरून मान वर न करता म्हणाल्या, "परसात दोन गुंठं मोकळं पडलंय. तिथंच भरवा की शिबिर."

आम्ही हसलो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खरंच परसात काठी टेकत उभ्या होत्या.

तीन वाफे, एक वही

नियम आम्ही चौघांनी बसून ठरवले. प्रत्येकाला एक वाफा. त्यात काय लावायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. ज्याने लावलं त्यानेच पाणी घालायचं, सकाळी साडेसहाच्या आत किंवा ऊन उतरल्यावर. दुसऱ्याच्या वाफ्यात सल्ला चालेल, हात चालणार नाही. आणि शेवटचा नियम माझा: रोज जे केलं ते वहीत दोन ओळी का होईना, मराठीत लिहायचं.

या शेवटच्या नियमामागे माझा स्वार्थ होता. मुलं इंग्रजी माध्यमात आहेत. शाळेत कन्नड शिकतात, ते छानच आहे, दुकानात आणि बसमध्ये ती माझ्यापेक्षा चांगलं कन्नड बोलतात. हिंदीही शिकतात. मराठी मात्र फक्त घरात, तीही बोलण्यापुरती. देवनागरी वाचता येते ती हिंदीच्या पुस्तकामुळे. तेव्हा मराठीचा वेगळा अभ्यास म्हणून काही सांगितलं तर नाकं मुरडली जाणार. भाजीच्या निमित्ताने लिहितील, असा माझा डाव.

थोरलीने भेंडी निवडली आणि कडेने झेंडू. भेंडी गावातल्या दुकानात विकून पैसे साठवायचे, असा तिचा पक्का विचार. नणंदेची मुलगी दरवर्षी पुण्याहून येते. ती २० एप्रिलला आली आणि तिने लाल माठ निवडला. कारण विचारलं तर म्हणाली, "मी १ जूनला जाणार. त्याच्या आत मला खाता आलं पाहिजे." अकरा वर्षांच्या मुलीचा हा हिशोब ऐकून सासूबाई खूश. लाल माठ २५-३० दिवसांत काढायला येतो, भेंडीला पहिला तोडा मिळायला दीड महिना तरी लागतो, हे तिने आजीला विचारूनच ठरवलं होतं.

धाकट्याला वाफा नकोच होता. त्याच्याकडे आधीपासूनच एक वेल होता. महाशिवरात्रीला आणलेल्या कलिंगडाच्या बिया त्याने न्हाणीच्या मागे, पाणी वाहून जातं तिथे थुंकल्या होत्या. त्यातले तीन वेल उगवून आले होते. कुणी लावलं नाही, कुणी पाणी घातलं नाही, तरी हातभर वाढले होते. "ते माझे आहेत," त्याने जाहीर केलं. नवऱ्याने समजावलं, की कलिंगड लावायचे दिवस जानेवारी-फेब्रुवारीत असतात, शिवाय बाजारातल्या संकरित कलिंगडाच्या बीपासून तसंच फळ येईल याचा भरवसा नसतो. धाकट्याने सगळं ऐकून घेतलं आणि वेलांभोवती काठ्या रोवून दोरी बांधली.

पहिला आठवडा फक्त मातीचा गेला. आमच्याकडची माती तांबडी, पाणी घातलं की चिखल आणि वाळली की वीट. कुदळीने खणून ढेकळं फोडायला मुलांना चार दिवस लागले. हाताला फोड आले. मग कुजलेलं शेणखत मिसळलं. नवऱ्याने त्यांना सुभाष पाळेकरांच्या पद्धतीचं जीवामृत करायला शिकवलं. मूळ प्रमाण २०० लिटर पाण्याचं असतं, आम्ही बादलीपुरतं केलं: २० लिटर पाणी, गावठी गायीचं १ किलो शेण, १ लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ४८ तास ठेवायचं आणि सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं. पहिल्या दिवशी ढवळताना पुण्याच्या पाहुणीने नाक दाबून धरलं होतं. तिसऱ्या दिवशी ती "माझी पाळी, माझी पाळी" म्हणून भांडत होती.

वहीत थोरलीची पहिली नोंद अशी होती: "आज भेंडीला आलं केलं. पाणी घातलं." सासूबाई चौथीपर्यंत शिकल्या आहेत, चष्मा लावून सगळं वाचतात. त्यांनी ते दोनदा वाचलं. "भेंडीला आलं? मग लसूण बी घालायचा की!" हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरीला आळं म्हणायचं होतं. हिंदीच्या पुस्तकात ळ नाही, त्यामुळे तिच्या हाताला तो वळणच माहीत नव्हता. गंमत म्हणजे कन्नडमधला ळ तिला उत्तम काढता येतो. त्या संध्याकाळी आजीने ओसरीवर खडूने मोठा ळ काढून दिला आणि तिघांनी त्याच्याखाली शब्द लिहिले: आळं, फळ, केळं, कोवळं, पाचोळा, सकाळ, वेळ. आठवडाभर ओसरी पुसायची नाही असं फर्मान निघालं.

त्या वहीत मग इतरही शब्द जमा झाले. वाफा, सरी, बांध, खुरपणी, विरळणी, वाफसा. हे शब्द मीही कितीतरी वर्षांत लिहिले नव्हते. वाफसा म्हणजे काय, हे समजावताना सासूबाईंनी मातीची मूठ वळून दाखवली. मूठ उघडल्यावर गोळा राहिला पाहिजे, पण बोटाने ढकललं की फुटला पाहिजे. तेव्हा जमिनीत ओल आणि हवा दोन्ही असते, बी टाकायला तीच वेळ. पुस्तकात हे दोन ओळींत असेल, मुठीत ते एका क्षणात कळलं.

विहिरीची शाळा

सकाळचे दोन तास परसात गेले, तरी उरलेला दिवस मोठाच होता. पण एकदा मुलं घराबाहेर पडली की कामं त्यांना आपणहून सापडतात. काजूच्या झाडांखाली बिया वेचायला ती बाबांबरोबर जाऊ लागली. बोंडू पिळून बी वेगळी करायची, पण ओल्या बीचा चीक हाताला लागू द्यायचा नाही, कातडी भाजते, हे त्यांना ठाऊक आहे. दुपारी आजीच्या हाताखाली पापड लाटणं आणि वाळवणाची राखण. राखणीत कावळ्यांपेक्षा जास्त पापड राखणदारांनीच खाल्ले. एक दिवस कोंबड्या लाल माठाच्या वाफ्यात शिरल्या आणि निम्मा वाफा उकरून ठेवला. पाहुणी इतकी रडली, की तिला पुण्याला परत पाठवावं लागतंय की काय असं वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने करवंदीच्या काट्या आणून स्वतः कुंपण केलं, अंगभर ओरखडे घेऊन, आणि उरलेल्या जागेत पुन्हा बी फोकलं.

आणि संध्याकाळी विहीर. आमच्या विहिरीला २२ पायऱ्या आहेत. नवरा तिथेच पोहायला शिकला, त्याच्या कमरेला सुके भोपळे बांधले होते. मुलांच्या कमरेला आता प्लॅस्टिकचे रिकामे कॅन बांधतो. बाबा पाण्यात असल्याशिवाय कुणीही दुसऱ्या पायरीखाली उतरायचं नाही, हा नियम मोडला तर त्या दिवशीच विहीर बंद. धाकटा १ मेला पहिल्यांदा कॅनशिवाय एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत गेला. वहीत त्याने त्या दिवशी फक्त एक शब्द लिहिला: "जमलं."

पोहण्याच्या निमित्ताने मुलं पायऱ्या मोजू लागली. ११ एप्रिलला नऊ पायऱ्या उघड्या होत्या. २५ एप्रिलला अकरा. ६ मेला चौदा. थोरलीने वहीच्या मागच्या पानावर त्याचा तक्ता केला. आम्हा मोठ्यांना पाणी खाली चाललंय हे दिसत होतं, पण आम्ही ते दरवर्षीसारखंच धरून चाललो होतो. सतराव्या पायरीच्या खाली पाणी गेलं की पंपाचा फूटव्हॉल्व्ह उघडा पडतो आणि पंप हवा ओढतो. तसं क्वचितच होतं. आमचा तालुका पावसाचा. मलप्रभा इथल्याच कणकुंबीला उगम पावते. पावसाळ्यात आमच्याकडे चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. पण तांबड्या मातीत पाणी मुरून खाली निघून जातं आणि मेमध्ये त्याच पावसाच्या गावात घागरीची रांग लागते. ज्यांचं माहेर-सासर या पट्ट्यात आहे त्यांना हे सांगायला नको.

१२ मेला सोळावी पायरी कोरडी झाली. पोहणं बंद झालं. १४ तारखेला पंपाने पहिल्यांदा हवा ओढली.

माझी चूक

त्याच आठवड्यात धाकटा दोन दिवस मामाकडे गेला होता. माझं माहेर चंदगड तालुक्यात, म्हणजे राज्य बदललं तरी अंतर तासा-दीड तासाचं. इकडे घरात पाण्याचा हिशोब सुरू होता. एक म्हैस उन्हाळ्यात चार-पाच बादल्या पाणी पिते. तीन जनावरं, सहा माणसं, भांडी, कपडे. परसाला रोज बारा बादल्या जात होत्या. गेल्या पावसाळ्यात लावलेली आंब्याची चार कलमं होती, त्यांची पानं कोमेजायला लागली होती. कलमं पैसे देऊन आणलेली, पाच-सहा वर्षांनी फळ देणारी. मी संध्याकाळी दमून घरी आले, फावडं घेतलं आणि न्हाणीचं पाणी कलिंगडाकडे जायचं ते कलमांकडे वळवलं. दोन मिनिटांचं काम. मनात म्हटलं, कलिंगड नाहीतरी येणारच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी धाकटा आला. चपला न काढता, पाणी न पिता थेट न्हाणीमागे गेला. वेलाला दोन फळं धरली होती, एक मुठीएवढं, दुसरं नारळापेक्षा थोडं लहान. दोन दिवसांच्या उन्हात वेल जमिनीवर पडले होते, लहान फळ सुरकुतलं होतं. मला वाटलं तो रडेल, आरडाओरडा करेल. तो काहीच बोलला नाही. आत येऊन जेवला आणि झोपला.

संध्याकाळी ऑफिसची बॅग ठेवताना मला ओसरीवर वही उघडी दिसली. त्यात लिहिलं होतं: "एक कलिंगड वाळलं. आईने पाणी बंद केलं. मला सांगितलं नाही."

ळ अगदी बरोबर काढला होता.

मी पहिल्यांदा चिडलेच. पाणी नाही हे दिसत नाही का या मुलांना? जनावरं आधी की कलिंगड आधी? आणि दोन वेलांसाठी आईचं नाव वहीत? नवराही माझ्या बाजूने होता. "पाणी जनावराला आधी, हे त्याला कळायला पाहिजे," तो म्हणाला. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्या बराच वेळ गप्प होत्या आणि मग बोलल्या.

त्यांचं माहेर अथणीकडचं. जिल्हा हाच, पण कणकुंबीच्या टोकाला पाऊस आणि अथणीच्या टोकाला कोरडं. "बाहात्तरच्या दुस्काळात मी तेरा वर्सांची हुते," त्या म्हणाल्या. "घरात एक तांबडी कालवड हुती, म्याच वाढवल्याली. एक दिस साळंतनं आले, तर दावं मोकळं. बा म्हनला, चारा न्हाई, पानी न्हाई, काय करू? खरंच हुतं त्याचं. मला इचारलं असतं तरी इकलीच असती. पर सांगितलं असतं, तर मी तिला जाताना पानी तरी पाजलं असतं."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि उठून आत गेल्या. माझ्या लग्नाला पंधरा वर्षं झाली. ही कालवड मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मला एवढंच कळलं, की पाणी बंद करणं ही माझी चूक नव्हती. एप्रिलमध्ये मीच म्हटलं होतं, हे तुझं आहे, तू ठरव. सोपं होतं तोवर ते त्याचं होतं. अडचण आली आणि ते माझं झालं. त्याने वहीत नेमकं तेच लिहिलं होतं. पाणी बंद केलं हे एक वाक्य, सांगितलं नाही हे दुसरं.

बारा बादल्यांच्या पाच

रात्री जेवण झाल्यावर आम्ही सगळे ओसरीवर बसलो. मी धाकट्याला म्हटलं, "तुला न सांगता पाणी वळवलं, ते चुकलं माझं." तो खाली बघत म्हणाला, "हं." मुलांना माफी मागितलेली आवडत नाही, त्यांना पुढचं काय ते हवं असतं. थोरलीने मागचं पान उघडून तक्ता मध्ये ठेवला आणि आम्ही पाण्याचा पहिला खरा हिशोब मांडला. किती आहे, कुणाला किती लागतं, कुठे कमी करता येईल.

जनावरांच्या पाण्यावर कुणी एक शब्द काढला नाही. धाकट्यानेच ते पहिल्या ओळीत लिहायला लावलं. म्हणजे नवरा म्हणत होता ते त्याला आधीपासूनच कळत होतं. फक्त त्याला कुणी विचारलं नव्हतं.

मग मुलांनी एकेक गोष्ट सुचवली. तांदूळ-डाळ-भाजी धुतलेलं पाणी वेगळ्या बादलीत साठवायचं आणि ते कलिंगडाला. न्हाणीचं पाणी एक दिवस कलमांना, एक दिवस वेलांना. कपडे एक दिवसाआड. थोरली म्हणाली, "झेंडू मी सोडते. दोन झाडं ठेवते, बाकीचे नको. झेंडू खाता येत नाही." तिने ते कसं म्हटलं ते मला दिसत होतं, कारण झेंडूला नुकत्याच कळ्या आल्या होत्या. आणि वाफ्यांवर भाताचं पिंजर आणि पाचोळा चांगला चार बोटं जाड पसरायचा, म्हणजे ओल उडणार नाही. हे खरं तर पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. सासूबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं, पण वाफे उघडे छान दिसतात म्हणून पोरींनी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसमधून येताना खानापुरातून सहा मडकी आणली. खानापूरची माती आणि इथली कुंभारकाम करणारी घरं पूर्वीपासून प्रसिद्ध आहेत. बेळगावच्या बाजारातही खानापूरचं मडकं म्हणून लोक मागून घेतात. झिलई न केलेलं कोरं मडकं झाडाजवळ गळ्यापर्यंत पुरायचं, पाण्याने भरायचं आणि वर झाकण ठेवायचं. मडक्याच्या अंगातून पाणी हळूहळू पाझरतं आणि थेट मुळांना मिळतं, वर उन्हात उडून जात नाही. भेंडीच्या ओळीत चार, कलिंगडाच्या वेलांपाशी दोन. आधी बादल्या ओतून जेवढं साधत नव्हतं, ते तीन दिवसांतून एकदा मडकी भरून साधू लागलं. परसाचं पाणी बारा बादल्यांवरून पाचावर आलं. कलमं वाचली. कलिंगडाचा एक वेल गेला, दोन उभे राहिले. सुरकुतलेलं फळ वाचलं नाही, मोठं वाचलं.

१८ मेला लाल माठाची पहिली भाजी झाली. कोंबड्यांनी ठेवली होती तेवढी, सात माणसांत प्रत्येकी दोन घास. पाहुणीने सगळ्यांना स्वतः वाढली आणि कुणी "मीठ कमी आहे" म्हटलं नाही.

२३ मेला दुपारी चारला पश्चिमेकडून काळं आलं. आधी वारा, मग पत्र्यावर दोन-चार टपोरे थेंब, आणि मग वळीव. वाळवण उचलताना सगळी भिजली आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही. एका वळिवाने विहीर भरत नाही, पायरी सोळावरच होती. पण परसाला आठवडाभर पाणी घालावं लागणार नव्हतं, तेवढी विहिरीला उसंत. पाठोपाठ आणखी दोन सरी आल्या. नवऱ्याने त्याच वाफशावर नांगर धरला, धूळवाफेच्या भातपेरणीची घाई सुरू झाली. मुठीत माती वळून "वाफसा आहे" असं त्याला आधी धाकट्याने सांगितलं.

आणि २५ तारखेला सकाळी कलिंगड तडकलं. इतके दिवस तहानलेल्या वेलाला एकदम पाणी मिळालं की असं होतं, आतला गर फुगतो आणि साल ताण सहन करत नाही. डेअरीच्या काट्यावर ते २ किलो ३०० ग्रॅम भरलं. कापलं तर आत फिकट गुलाबी, निम्म्या बिया पांढऱ्या. सात फोडी केल्या. मीठ लावून खाल्ल्या. "काकडीसारखं लागतंय," थोरली म्हणाली. धाकट्याने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि स्वतःची फोड सालीपर्यंत संपवली.

पाहुणी पुण्याला गेली ती एक मडकं मांडीवर घेऊन, बाल्कनीतल्या मोठ्या कुंडीत पुरणार म्हणाली. भेंडीचा पहिला तोडा शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी निघाला, अर्धा किलो. थोरलीने तो विकला नाही, आजीला दिला. आजीने चिंच-गूळ घालून भाजी केली.

वही आता ओसरीच्या खुंटीला दोरीने टांगली आहे. परवा सहज उघडली, तर शेवटच्या पानावर थोरलीच्या अक्षरात पुढच्या वर्षाची यादी होती. पिंजर पहिल्याच दिवशी घालायचं. कोंबड्यांसाठी कुंपण आधी. कलिंगड जानेवारीत लावायचं. महिन्यातून दोनदा पायऱ्या मोजायच्या. पाणी कमी पडलं तर सगळ्यांनी बसून ठरवायचं.

त्याच्यापुढे धाकट्याने पेन्सिलीने कंस करून दोन शब्द घातले होते: "(आईने पण)".